तिसऱ्यांदा गेल्यावर दिसतं ते

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. वय ४८, विमा कचेरीत नोकरी. मुलगी शिकायला बंगळुरूला गेली आणि जाताना दोघा भावंडांनी मिळून आईला मिररलेस कॅमेरा घेऊन दिला, दोन लेन्ससकट. गेल्या वर्षी लडाखची टूर झाली. २,७०० फोटो निघाले, ते अजून एकदाही धड बघून झालेले नाहीत. जे बघितले त्यातले निम्मे हललेले. बॅग वागवून खांदा धरलाय. आता भिगवणचे पक्षी काढायला मोठी झूम घ्यावी का, पुढची टूर कुठली करावी, एकटीनं हिंडता येईल का, आणि यजमान म्हणतात तसं ‘या वयात हे खूळ कशाला’ यात तथ्य आहे का, असे चार प्रश्न त्यांनी एका दमात विचारलेत. शेवटी एक ओळ आहे: ‘फिरून आले, पण फिरल्यासारखं वाटत नाही.’ मला खरा प्रश्न हा वाटला.

ताई, मी कुठल्या तोंडानं बोलतेय ते आधी सांगते. वाईला माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ. दहावी झाली आणि मी डार्करूममध्ये शिरले ती शिरलेच. लाल दिव्याखाली डेव्हलपरच्या ट्रेत कोरा कागद सोडायचा आणि त्यावर कुणाचं तरी नाक, कुणाची तरी नथ हळूहळू उगवताना बघायची. मग चित्र पक्कं करणारा हायपो, मग धुणं, मग दोरीला चिमटे लावून वाळत घालणं. पुढं रंगीत आलं, डिजिटल आलं, करिझ्मा अल्बम आले. लग्नं किती काढली त्याची मोजदाद ठेवली नाही, पण मंगलाष्टकं सगळी पाठ आहेत. आता ५७ संपत आलं. स्टुडिओ भाच्याकडं सोपवलाय. तो ड्रोन उडवतो, मी एसटीनं हिंडते.

पहिली गोष्ट डोळ्यांची, कारण कॅमेऱ्याच्या जाहिरातीत याविषयी कुणी चकार शब्द काढत नाही. २०११ साली, मी ४३ वर्षांची असताना, माझ्या कॅमेऱ्यात सगळं धूसर दिसायला लागलं. लग्नात अंतरपाट धरलेला, आणि मी लेन्सची रिंग हातानं फिरवून फोकस दुरुस्त करत होते. फोटो मात्र एकेक बाद येत होता. कॅमेरा बिघडला म्हणून पुण्याला एका जुन्या मेकॅनिककडं घेऊन गेले. त्यांनी डोळा लावला, डोळा लावायच्या काचेशेजारचं शेंगदाण्याएवढं एक चाक नखानं फिरवलं आणि म्हणाले, ‘बाई, कॅमेरा ठणठणीत आहे. चाळिशी तुम्हाला लागलीय.’ पैसेसुद्धा घेतले नाहीत. एवढी वर्षं हा धंदा करून ते चाक कशासाठी असतं हे मला ठाऊक नव्हतं, याची लाज अजून वाटते.

त्या चाकाला डायऑप्टर म्हणतात. व्ह्यूफाइंडरमधलं, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीतलं, चित्र डोळ्याला साधारण मीटरभर लांब असल्यासारखं दिसतं, आणि चाळिशीनंतर प्रत्येकाचा डोळा त्या अंतराशी वेगळं भांडण मांडतो. करायचं एवढंच, कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडं धरा आणि चित्राकडं न बघता त्यातल्या आकड्यांकडं बघा. आकडे कोरीव दिसेपर्यंत चाक फिरवा. चष्मा लावून फोटो काढत असाल तर चष्मा लावूनच हे करा. दूरचं-जवळचं एकाच काचेत असलेला चष्मा असेल तर काचेच्या वरच्या भागातून बघा, खालच्या भागातून बघितलंत तर पुन्हा धूसरच. तुमच्या कॅमेऱ्यात फोकस आपोआप होतो, त्यामुळं या चाकानं तुमचा फोटो बिघडलेला नाही. पण नीट दिसतच नसेल तर काय काढतोय ते तरी कसं कळणार?

मेनूमधली बारीक अक्षरं घरी, दिव्याखाली, वाचायच्या चष्म्यानं वाचा आणि काय लावायचं ते एकदाच लावून टाका. डायलवर सी-वन असेल तर तिथं साठवून ठेवा. उन्हात उभं राहून एका हातानं चष्मा सांभाळत मेनू शोधायचा नाही. तोवर म्हैस पाण्यातून बाहेर येऊन निघूनही गेलेली असते.

हललेल्या फोटोंचं कारण बहुधा शटर आहे, म्हणजे कॅमेऱ्याचं दार किती वेळ उघडं राहतं ते. आमच्या काळचा नियम असा, की ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून हळू नको, २०० ची असेल तर दोनशेव्या भागाहून. हा नियम पंचविशीतल्या हातांसाठी होता. आता वेग दुप्पट धरा, पन्नासाव्याच्या जागी शंभरावा भाग. आणि चालत्या गाडीतून काढायचा असेल तर सरळ एक हजारावा भाग. आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही चित्र उजळ करणारी सोय, ऑटोवर टाका आणि कमीत कमी शटर अडीचशेव्या भागावर बांधून ठेवा. फोटोत थोडे दाणे आले तर येऊ देत. दाणेदार फोटो बघवतो, हललेला बघवत नाही. लेन्समध्ये हात स्थिर करणारी यंत्रणा आहे म्हणून विसंबू नका. ती तुमचा हात धरते, पळणाऱ्या पोराला धरत नाही. आणि भिंत, खांब, झाड जे असेल त्याला खांदा टेकवायला लाजू नका. मी तर हल्ली देवळाच्या पायरीवर बसूनच काढते. गुडघ्यांनाही बरं आणि उंचीही चांगली मिळते.

आता झूमचं. घेऊ नका. निदान आत्ता नको. १५० ते ६०० मिलिमीटरची लेन्स म्हणजे दोन किलोच्या आसपास वजन, वर कॅमेरा, वर तुमचा आधीच धरलेला खांदा. भिगवण छानच आहे. उजनीचं बॅकवॉटर, हिवाळ्यात रोहित पक्षी, पट्टकदंब हंस, कोळी बांधव होडीतून नेतात. एकदा जरूर जा, आणि त्या दोन दिवसांपुरती लेन्स भाड्यानं घ्या, पुण्या-मुंबईत मिळते. पण तुम्ही ठाण्याच्या, आणि रोहित पक्ष्यांची खाडी तुमच्या दारात आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ते रामसर यादीतही गेलं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. ऐरोलीहून वन विभागाची बोट निघते, भरती-ओहोटीच्या वेळा बघून. आधी तिथं जा, कॅमेरा न काढता. एक पाय दुमडून, चोच उलटी करून चिखल गाळत उभे असलेले ते गुलाबी पक्षी आणि मागं कारखान्यांच्या चिमण्या. जवळून टिपलेल्या डोळ्याच्या फोटोपेक्षा हे दोन्ही एकत्र आलेला फोटो मला जास्त खरा वाटतो, आणि त्याला मोठी लेन्स लागतच नाही.

तुमच्या दोन लेन्सपैकी लहान असेल ती कॅमेऱ्याला लावा आणि मोठी कपाटात ठेवा. माझ्याकडं आता ३५ मिलिमीटरची एकच लेन्स आहे, दोनशे ग्रॅमची. पर्समध्ये कॅमेरा, पाण्याची बाटली, स्कार्फ, पेढ्याची पुडी सगळं मावतं. लांबचं दिसत नाही हे खरं, मग जवळ जावं लागतं. जवळ गेलं की बोलावं लागतं. माझ्या पुष्कळ ओळखी या लेन्सनं करून दिल्यात.

बॅगेविषयी इतकंच, की पट्टा खांद्यावर लटकवू नका, अंगावरून तिरपा घ्या.

मुख्य गोष्ट अशी की पुढची टूर कुठली, हा प्रश्नच काही वर्षं बाजूला ठेवा. एक जागा धरा. घरापासून दीड तासाच्या आतली, जिथं सकाळी डबे करून निघालं तरी दुपारी परत येता येईल अशी. आणि तिथं वर्षभर दर महिन्याला जा.

माझं ऐकाल तर अंबरनाथचं शिवमंदिर धरा. ठाण्याहून लोकलनं सरळ. शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे १०६० साल. काळ्या बेसाल्टच्या बाह्य भिंती मूर्तींनी इतक्या भरलेल्या, की पहिल्यांदा जाल तेव्हा काहीच दिसणार नाही. खरंच सांगते. सगळं दिसतं तेव्हा काहीच दिसत नाही. तुम्ही लडाखला जसे काढलेत तसे शंभर फोटो काढाल आणि घरी येऊन म्हणाल, एवढं भव्य होतं, फोटोत कुठं गेलं? तर ते उजेडाअभावी गेलं. काळा दगड उजेड खातो. कोरीव काम दिसायला उजेड समोरून नाही, बाजूनं यावा लागतो, तिरपा, म्हणजे नाकाची सावली गालावर पडते आणि मूर्ती भिंतीतून पुढं येते. कुठल्या महिन्यात किती वाजता कुठली भिंत अशी उजळते, ते वहीत टिपून ठेवा. ही वही कुठल्याही लेन्सहून मोलाची आहे. पावसात जा. भिजलेला बेसाल्ट आरशासारखा होतो, कोरड्या दगडात न दिसलेल्या रेषा तेव्हा दिसतात. महाशिवरात्रीच्या जत्रेला जा, देवळाऐवजी माणसं काढायला. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि वर शिखर नसल्यानं उजेड आभाळातून थेट उतरतो. तिथं कॅमेरा काढू नका, नुसत्या उभ्या राहा. अंधारात पायऱ्या उतरताना वरून येणाऱ्या उजेडानं माणसांचे चेहरे कसे होतात ते डोळ्यांनी बघा, मग ते दुसरीकडं ओळखता येतं. आणि ट्रायपॉड घरीच ठेवा, पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत त्याला वेगळी परवानगी लागते.

ही माझी कल्पना हवेतली नाही. साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे, साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या काळातली, वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतलेली. खोली ११० फूट आणि व्यास ५० फूट सांगतात. पायऱ्यांनी खाली उतरलं की दगडी महाल लागतो, चक्क विहिरीच्या पोटात. मी तिथं पहिल्यांदा गेले ती एका लग्नाच्या ऑर्डरीतून वेळ काढून, घाईघाईत. फोटोत आलं काय, तर वर पांढरंफटक आभाळ आणि खाली काळा खड्डा. उजेड-अंधारातला फरक इतका, की फिल्मला झेपेना, आणि आजचा सेन्सरही तिथं घाम गाळतो. मला वाटलं, ही जागा फोटोची नाहीच.

दुसऱ्यांदा गेले पावसाळ्यात. ढगाळ आभाळामुळं फरक कमी झाला, भिंती दिसल्या, शेवाळ दिसलं. बरं आलं. बरंच, बस.

तिसऱ्यांदा गेले मे महिन्यात, भर दुपारी, आणि तेही चुकून. बस चुकली म्हणून उशीर झाला होता. दुपारी फोटो काढू नयेत हे आम्ही शिकलेलो आणि दहा जणांना शिकवलेलं. पण आमच्या साताऱ्याच्या पट्ट्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास बरोब्बर डोक्यावर येतो, काठीची सावली पायातच पडते. त्या वेळी उजेड विहिरीत सरळ खाली उतरला. तळाच्या पाण्याला लागला आणि तिथून उसळून भिंतींवर गेला. सगळी विहीर आतून पेटल्यासारखी. दगडावर पाण्याच्या लाटांचा उजेड हलत होता आणि एक पारवा त्यातून आडवा गेला. दहा-बारा मिनिटांचा खेळ. मग एका बाजूनं सावली चढायला लागली.

मी त्या दिवशी तीन फोटो काढले, त्यातला एक बरा आलाय. पण ती दहा मिनिटं मला मिळाली याचं कारण मी तिथं आधी दोनदा फसले होते. पहिल्याच खेपेला तो उजेड मिळाला असता तर मला वाटलं असतं इथं रोजच असं असतं, आणि मी पुढच्या पॉइंटकडं पळाले असते. टूरमध्ये हेच होतं, ताई. जागा तुम्हाला एकदाच भेटते, तीही वीस मिनिटं, शिट्टी वाजेपर्यंत. तुमचं ‘फिरल्यासारखं वाटत नाही’ इथून येतंय असं मला वाटतं. लडाख वाईट नाही, पण लडाखशी तुमची नुसती तोंडओळख झालीय.

मेणवलीच्या घंटेचं उदाहरण देते, मग हा विषय सोडते. वाईपासून तीनेक किलोमीटरवर नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेवर घाट. सिनेमांच्या शूटिंगमुळं घाट सगळ्यांना माहीत झालाय, त्यामुळं लोक घाटाचा फोटो काढतात, स्वतःचा काढतात आणि जातात. तिथल्या लहानशा देवळात एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेली. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू, आणि १७०७ हे साल. मी वाईची पोर, लहानपणापासून तिथं जाते. पण ते साल मी पहिल्यांदा वाचलं चाळिशी ओलांडल्यावर. उजेड असा तिरपा आला की धातूवरचे अंक वर येतात. लोक फ्लॅश मारतात, सगळं सपाट होतं, मग म्हणतात काही दिसत नाही हो.

कास पठाराविषयी तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलं, हंगामात आगाऊ नोंदणी करून जायचं, रविवार शक्यतो टाळायचा. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आलं तेव्हापासून गर्दीला तोटा नाही. फुलं बारीक असतात, सीतेची आसवं तर वाकूनसुद्धा दिसत नाहीत, बसावं लागतं. रेनकोटची पँट घाला आणि वाटेवरच बसा. पठारावर पाय ठेवू नका, फोटोसाठी तर अजिबात नाही. ढगाळ दिवस मिळाला तर नशीब समजा, रंग उन्हात उडतात.

मोजून फोटो काढायची सवय लावा. वडिलांकडं आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. १२० चा रोल, १२ फोटो, संपला विषय. घरच्या फोटोंना आमचा एक रोल गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरायचा. आत्याला फोटोत घ्यायचं की म्हशीला, यावर चर्चा व्हायची. त्या १२ फोटोंतले दहा आजही आमच्या घरी आहेत आणि त्यातला प्रत्येक कुणी, कुठं, का काढला हे सांगता येतं. तुम्ही एका फेरीत १२ च काढा. तेरावा मोह झाला तर नुसतं बघा. पहिल्या दोन फेऱ्यांत हात शिवशिवतील. मग एक गंमत होते, डोळा कॅमेऱ्याच्या आधी काम करायला लागतो. दिवसभर एक फोटो काढून मी परत आलेय आणि दिवस वाया गेला असं वाटलेलं नाही. एसटीची खिडकी, मांडीवर गरम पुडी, घाटात कान बंद होणं, शेजारच्या आजींनी न विचारता हातावर ठेवलेली लिमलेटची गोळी, यातलं काहीच फोटोत येत नाही आणि यायचं कारणही नाही.

त्या २,७०० फोटोंचं काय करायचं? डिलीट करत बसू नका, त्यानं डोकं उठतं. उलट करा. रोज रात्री शंभर फोटो भराभर बघा आणि ज्याच्यापाशी आपोआप थांबाल तेवढाच दुसऱ्या फोल्डरमध्ये टाका. सुंदर आहे का, असं विचारू नका, नुसतं थांबलात का ते बघा. सत्तावीस रात्रींत काम होईल. मग त्यातले १२ चार बाय सहाच्या कागदावर छापून घ्या. खर्च हॉटेलातल्या एका जेवणाहूनही कमी. टेबलावर मांडा आणि मुलीला फोनवर त्यातल्या एकेकाचं सांगा. सांगताना जिथं अडखळाल तो फोटो काढून टाका. बाकीचे सगळे फोटो दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक घराबाहेर. एका लग्नाचा पूर्ण डेटा माझ्या एकुलत्या एक डिस्कबरोबर गेला होता. त्या मुलीच्या आईपुढं उभं राहून ते सांगताना माझी जी अवस्था झाली ती शत्रूचीही होऊ नये. चूक माझीच होती, दुसरी प्रत मी केली नव्हती.

ठाण्याच्या पावसात कॅमेरा कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवत असाल तर आजच काढा. लेन्सला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि एकदा धरली की काच खाते. वडिलांची एक जर्मन लेन्स अशी गेली, कातडी केसमध्ये जपून ठेवली होती म्हणूनच गेली. कातडं ओल धरतं. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात ओल शोषणारं सिलिका जेल, एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये हवा. जेल निळं-नारिंगी असेल ते रंग बदललं की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरता येतं, पण स्वयंपाकाचा तवा नको. आणि सगळ्यात उत्तम औषध म्हणजे वापरणं. महिन्याला एकदा उजेड-वारा लागलेल्या लेन्सला सहसा काही होत नाही.

एकटीनं फिरण्याविषयी. मी फिरते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आमच्या वयाच्या कितीतरी जणी पहिल्यांदाच कुणाच्या कार्याबिर्याला न जाता नुसत्या बाहेर पडल्या. स्टँडवर नीट बघा, दिसतील. सकाळची पहिली गाडी पकडा, अंधार पडायच्या आत परतीच्या गाडीत बसा, ड्रायव्हरच्या मागची बाकं बघा, घरी एकाला तरी कुठं जातेय ते सांगून ठेवा. स्वच्छतागृहाचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर माझ्याकडं जादूचा उपाय नाही. मोठ्या स्टँडवर उरकून घ्यायचं आणि पाणी मात्र प्यायचंच. पाणी तोडून फिरू नका, ते महागात पडतं. एकट्या बाईला फोटो काढताना एक फायदा असा असतो की कुणी घाबरत नाही. बायका आपणहून बोलायला येतात. तरीही विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका, लहान मुलांचा तर आईला विचारूनच. आणि नदीवर अंघोळीला, धुण्याला आलेल्या बायका दिसल्या तर कॅमेरा पदराआड घ्या. त्या हसून बोलावतील तेव्हाच बाहेर काढा.

यजमानांचं मला एवढंच कळलं की त्यांना विचारायचंय, याचा उपयोग काय. होमाई व्यारावालांचं नाव त्यांना ठाऊक असेल. पहिल्या भारतीय महिला वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याच्या आसपासची दिल्ली आपण पुष्कळशी त्यांच्या फोटोंतून बघतो. १९७० मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांनी हे काम थांबवलं ते थांबवलंच, आणि पुढं चाळीसेक वर्षं जगल्या. म्हणजे जिनं सगळं साध्य केलं तिला या वयात कॅमेरा ठेवून देता आला. मग जिला काहीच साध्य करायचं नाही तिला या वयात तो हातात का घेता येऊ नये? मलाही त्यांच्यासारखं सगळं थांबवायचंय असं कधी कधी वाटतं, पण मग गुरुवार येतो.

गुरुवारचं असं, की मी मेणवलीला जाते. मागल्या महिन्यात घाटावर एक मावशी तांब्याची कळशी घासत होत्या. उन्हं कळशीवर आली होती. विचारलं, काढू का? म्हणाल्या, माझा नको, कळशीचा काढ. मी दोघींचा काढला आणि पुढच्या खेपेला प्रिंट नेऊन दिली. त्यांनी ती लांब धरली, मग जवळ धरली, मग माझ्याच डोळ्यांवरचा चष्मा मागून घेतला. बराच वेळ बघून म्हणाल्या, ‘मी काय बरी आले नाही, पण कळशी झकास आलीय.’ मग ओल्या हातांना लागू नये म्हणून पोलक्यात ठेवली आणि म्हणाल्या, पुढल्या बारीला सुनेला आणते, ती गोरी आहे, तिचा चांगला येईल.

उद्या गुरुवार आहे. साडेसातची गाडी आहे, म्हणून इथंच थांबते. तुम्ही डायऑप्टरचं तेवढं आज रात्रीच करून घ्या.